पिवळ्या ओळींचे पंडित

लातूर-नांदेडच्या शिकवण्यांत पोरगं अकरावीला बसलं, की लवकरच त्याच्या हाती पिवळा मार्कर येतो. 'नीट'चे प्रश्न एनसीईआरटीतूनच यायचे, म्हणून जीवशास्त्राची ओळ न ओळ रंगवायची, असा तिथला रिवाज. परीक्षा जवळ येईतो पुस्तकात कोरं वाक्य शोधावं लागतं. डॉक्टर झालेल्यांची ही खोड कामाच्या रगाड्यात सुटते. सुटत नाही ती विष्णुपुरीला इंजिनिअरिंग करून पुण्याच्या कंपनीचं काम घरून करणाऱ्यांची. मार्कर जाऊन किंडल येतो, एवढाच फरक.

या माणसाला आपण हायलाइटराव म्हणू.

हायलाइटरावांची आवड दुहेरी: प्रोग्रॅमिंग आणि तत्त्वज्ञान. लातूरहून नांदेडच्या एस.टी.त बसले, की अहमदपूर येईतो तत्त्वज्ञ विट्गेनश्टाइन आणि तिथून लोह्यापर्यंत प्रोग्रॅमिंगवाला डायक्स्ट्रा. खड्डा आला की बोट घसरतं आणि शेजारची ओळही पिवळी होते. ती ते पुसत नाहीत. "असू दे, हे बी चांगलंच लिव्हलंय." किती मजकूर बाहेर काढू द्यायचा याची मर्यादा किंडलच्या पुस्तकांवर बहुधा प्रकाशकाने घातलेली असते; पाव पुस्तक होण्याआधीच हायलाइटराव ती ओलांडतात. पुढच्या खुणा पुस्तकात दिसतात, संग्रहात मात्र येत नाहीत. याचं दुःख त्यांना जेवढं होतं तेवढं पुस्तक अर्धवट राहिल्याचं होत नाही. आई विचारते, "दिवसभर काय रंगवायलास रे?" उत्तर ठरलेलं: "नोट्स काढायलोय."

संग्रह मात्र बघण्यासारखा. प्रोग्रॅमिंगमधल्या 'गोटू' या आज्ञेला घातक ठरवणारं १९६८ चं ते प्रसिद्ध शीर्षक त्यात डायक्स्ट्राच्या नावावर ठळक अक्षरात आहे. ते शीर्षक दिलं होतं संपादक निक्लाउस विर्थने. डायक्स्ट्राचं स्वतःचं बरंच सौम्य होतं. खाली विट्गेनश्टाइनच्या 'ट्रॅक्टॅटस'मधलं शेवटचं, सातवं विधान. ते मौनाविषयी आहे. हायलाइटराव ते रोज सकाळी पाच व्हॉट्सॲप ग्रुपांवर टाकतात.

नांदेडात राहून नरहर कुरुंदकर (१९३२–१९८२) टाळता येत नाहीत. पीपल्स कॉलेजचे हे प्राचार्य प्रतिपक्षाचं म्हणणं आधी असं मांडत, की त्या प्रतिपक्षालाही इतकं नेटकं मांडता आलं नसतं. मग पानापानाने ते उलगडून दाखवत. जुनी पद्धतच ती, आधी पूर्वपक्ष, नंतर उत्तर. आता अशा लेखातलं एकच वाक्य उचलायचं तर डोळ्यांत भरतं ते नेमकं पूर्वपक्षाचं. हायलाइटरावांच्या 'कुरुंदकर' नावाच्या फोल्डरात म्हणूनच अशी बरीच मतं सुखाने नांदतात, जी कुरुंदकरांनी खोडून काढली होती. एका व्याख्यानमालेत हायलाइटरावांनी त्यातलं एक वाचून दाखवलं. पुढच्या रांगेतले एक निवृत्त प्राध्यापक चष्मा पुसत म्हणाले, "पुढचं पान वाचा की."

पुढचं पान हीच हायलाइटरावांची पंचाईत. डोनाल्ड कनूथने १९७४ च्या एका लेखात प्रोग्रॅमला नको तेव्हा वेग देत बसण्याला सगळ्या अनर्थाचं मूळ ठरवलं. हे हायलाइटरावांचं कुलदैवत. त्याच वाक्यात कनूथने हा सल्ला सुमारे ९७ टक्के वेळांपुरता ठेवलाय आणि लगेच पुढे बजावलंय, की उरलेल्या मोक्याच्या ३ टक्क्यांत संधी दवडू नका. मार्कर तिथवर पोचलाच नाही.

एकदा हायलाइटरावांच्या प्रोग्रॅमला पगारपत्रकं काढायला रात्रभर लागली. साहेबांनी कारण विचारलं, तर यांनी कनूथ पाठवला. साहेबांनी तो मूळ लेखात वाचलेला होता. त्यांनी ३ टक्क्यांचं वाक्य उलट धाडलं आणि खाली लिहिलं, "पगार त्यात येतात."

हायलाइटरावांना ते वाक्य फार आवडलं. त्यांनी ते पिवळं करून 'कनूथ, नवे' या फोल्डरात ठेवलं आणि साहेबांना अंगठा पाठवला. प्रोग्रॅमला हात पुढच्या पगाराला लावू म्हणाले.