नाताळातला ट्यूबा : एक वृत्तमीमांसा

प्रथम लक्षण करू. डिसेंबरात अमेरिकेतल्या एखाद्या चौकात, मॉलमध्ये किंवा बर्फावरच्या स्केटिंगच्या रिंगणात शेकडो ट्यूबावादक जमतात, नाताळगीते वाजवतात आणि पांगतात. या प्रसंगाविषयी स्थानिक वर्तमानपत्रात, किंवा टीव्हीच्या बातम्यांत अगदी शेवटी हवामानाला खेटून, जे काही येते त्यास प्रस्तुत निबंधात ‘ट्यूबावार्ता’ म्हटले आहे. ट्यूबा चोरीला गेल्याची बातमी ही ट्यूबावार्ता नव्हे. तसे मानल्यास अतिव्याप्तीचा दोष येतो. (२०११-१२च्या सुमारास दक्षिण कॅलिफोर्नियातल्या शाळांतून एकापाठोपाठ एक ट्यूबा पळवले गेले. तेव्हा या वाद्याची किंमत काय, मेक्सिकन बांदा संगीतात त्याला एवढी मागणी का, हे वार्ताहरांनी जितके कसून शोधले तितके नाताळात शोधल्याचे आढळत नाही. पण तो गुन्हेवृत्ताचा प्रांत.)

ट्यूबावार्तेचा स्थायीभाव आश्चर्य. ट्यूबासुद्धा गोड वाजू शकतो, हा शोध अमेरिकन पत्रकारितेला १९७४पासून दरवर्षी नव्याने लागतो आहे. त्या वर्षी २२ डिसेंबरला हार्वे फिलिप्स या ट्यूबावादकाने न्यूयॉर्कच्या रॉकफेलर सेंटरमधल्या बर्फाच्या रिंगणात तीनशेहून अधिक वादक उभे केले आणि ‘ट्यूबाख्रिसमस’ची प्रथा सुरू झाली. फिलिप्स सांगत ती हकीकत प्रसिद्ध आहे. परवानगीसाठी त्यांनी फोन केला; ‘शेकडो ट्यूबा’ हे शब्द ऐकून पलीकडचा अधिकारी गप्पच झाला. मग फिलिप्सनी ओळखीदाखल स्टोकोव्स्की, बर्नस्टाइन अशा बड्या संगीतकारांचे खासगी नंबर दिले. थोड्या वेळाने निरोप आला, की हवे ते करा. आमच्या मते त्या अधिकाऱ्याचे मौन हीच आजवरची सर्वांत प्रामाणिक ट्यूबावार्ता होय. पुढच्या सगळ्यांनी त्यावर विनोद चढवले.

विनोदांची यादी द्यायची नाही. हॅम्लेटचे ‘जगावे की मरावे’ इंग्रजीत ट्यूबाच्या नावाशी जुळते, एवढ्या एका योगायोगावर शेकडो उपसंपादकांचे डिसेंबर निभावले आहेत. ट्यूबाच्या ठेक्याची नक्कल करणारा ‘ऊम्-पा’ हा शब्द दुसरा आधार. व्हिटनी बॅलिएट यांनी १९७५ साली ‘न्यूयॉर्कर’मध्ये फिलिप्सवर दीर्घ लेख लिहिला आणि शीर्षकातच ऊम्-पाला निरोप दिला. ऊम्-पा गेला नाही. खुद्द फिलिप्स २०१०मध्ये वारले तेव्हा ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या मथळ्यात त्यांना ट्यूबाचा टायटन म्हटले गेले, म्हणजे अनुप्रासाने मृत्युलेखातही पाठ सोडली नाही.

मथळ्याखाली येते ती शिरगणती. २०१८च्या डिसेंबरात मिसुरीतल्या कॅन्सस सिटीत ८३५ वादकांनी एकत्र वाजवून गिनेसचा विक्रम केला. काय वाजवले हे बातमीत शोधावे लागते, किती जणांनी ते पहिल्याच ओळीत असते. व्हायोलिनच्या मैफलीची बातमी डोकी मोजून कोणी सुरू करत नाही. गणना संपली की वजन: दहा-बारा किलो धातू, अठरा फूट लांब नळी. मग सर्वांत लहान वादक, सर्वांत वयोवृद्ध वादक, भोंग्याला गुंडाळलेली दिव्यांची माळ. आपल्याकडे विसर्जन मिरवणुकीच्या बातमीत ढोलांचा आकडा छापतात आणि ठेक्याविषयी अवाक्षर काढत नाहीत, तोच हा संप्रदाय. छायाचित्र कायम भोंग्याचे. आत डोकावणारे मूल मिळाले तर पहिले पान.

आता या वार्तेत काय नसते ते पाहू, कारण खरी गंमत तिथे आहे. ड्वोर्झाकची नववी सिंफनी १८९३च्या डिसेंबरात न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये प्रथम वाजली. तीत ट्यूबावादकाच्या वाट्याला मोजून १४ सूर आहेत, तेही सगळे दुसऱ्या भागात. उरलेला वेळ त्याने विराम मोजत, जागे आणि गंभीर दिसत बसायचे. (लग्नाच्या बँडमध्ये निदान चालायला तरी मिळते.) असा माणूस वर्षभर दुसऱ्याच्या सुरावटीला खालून टेकू देत असतो. नाताळात मात्र त्याच्यासमोर ॲलेक वाइल्डरने खास याच वाद्यांसाठी बांधलेली गाणी येतात, आणि जी चाल एरवी व्हायोलिनने किंवा ट्रंपेटने नेली असती ती खर्जातल्या मंडळींच्या हाती पडते. सनई घरी ठेवून नुसत्या सूरपेट्यांनी मंगलध्वनी काढावा असा हा बंडखोर प्रकार आहे. वार्ताहर त्याला ‘गोंडस’ म्हणतात.

या दृष्टीचा मूलग्रंथ कोणता? आमच्या मते १९३६चा ‘मिस्टर डीड्स गोज टु टाउन’ हा फ्रँक काप्राचा चित्रपट. व्हर्मांटमधल्या आडगावचा लाँगफेलो डीड्स (गॅरी कूपर) याला दोन कोटी डॉलरचा वारसा मिळतो. तो विचार करताना ट्यूबा वाजवतो. न्यूयॉर्कची एक वार्ताहर त्याचा विश्वास संपादन करते आणि पेपरात त्याची यथेच्छ टर उडवते. बदल्यात तिला महिन्याची भरपगारी रजा मिळायची असते. पुढे डीड्सला वेडा ठरवण्यासाठी कोर्टात जे पुरावे येतात त्यांत ट्यूबा आहेच. त्याचा बचाव मीमांसकांनी अभ्यासावा असा: डोके चालवताना प्रत्येकजण काही ना काही चाळा करतो, न्यायमूर्ती कागदावरच्या अक्षरांची पोटे रंगवतात, मानसोपचारतज्ज्ञ रेघोट्या ओढतात, मी ट्यूबा वाजवतो. निर्दोष सुटला. ट्यूबा अद्याप सुटलेला नाही.

१९७४चा मूळ प्रसंग विनोदी नव्हता, हेही नोंदवणे भाग आहे. फिलिप्सनी हा खटाटोप केला तो गुरू विल्यम बेल यांच्या स्मरणार्थ. बेल तोस्कानिनींच्या एनबीसी ऑर्केस्ट्रात आणि पुढे न्यूयॉर्क फिलहार्मोनिकमध्ये ट्यूबा वाजवत; जन्म १९०२चा, तारीख २५ डिसेंबर. ट्यूबावार्तेत बेल आले तर वाढदिवसाच्या योगायोगापुरते येतात.

शेवटी एक वादग्रस्त मुद्दा. या मैफलींत ट्यूबाबरोबर त्याचे धाकटे भावंड युफोनियमही असतो. तो आकाराने लहान, आवाजाने वरचा. साहजिकच चालीचा बराच भाग त्याच्याकडे जातो. चित्राखालच्या ओळीत मात्र तोही सरसकट ‘ट्यूबा’. म्हणजे ट्यूबा किती गोड वाजला असे जे दरवर्षी छापून येते, त्यातला गोडवा पुष्कळदा युफोनियमचा असतो. युफोनियमवाल्यांनी शुद्धिपत्र मागितल्याचे आमच्या पाहण्यात नाही. मागितले, तर संपादक ते जानेवारीत छापणार. आणि जानेवारीत या विषयावर काही छापण्याची प्रथा नाही.