पंधरा अँपिअरचा पॉइंट

मध्यमवर्गीय कुटुंबासाठी बनवलेल्या इलेक्ट्रिक मोटारीचे मुख्य भाग चार: बॅटरी, मोटार, इन्व्हर्टर आणि सोसायटीचा ठराव. पहिले तीन कारखान्यातून बसवून येतात. चौथा ग्राहकाने स्वतः मिळवायचा असतो, आणि शोरूममध्ये त्याविषयी कोणी अवाक्षर काढत नाही. खासगी गाडीला हिरव्या पाटीवर पांढरी अक्षरे असतात, त्यामुळे ती वॉचमनला फाटकातूनच ओळखू येते.

बॅटरीची क्षमता किलोवॉट-अवरमध्ये, म्हणजे घरच्या मीटरवरच्या युनिटमध्येच सांगतात. परवडणाऱ्या गाडीत साधारण ३० युनिट मावतात आणि एका युनिटावर ती सातएक किलोमीटर धावते. कागदावरची रेंज याहून घसघशीत असते, कारण ती रोलरवर मोजतात. रोलरवर खंबाटकी घाट नसतो, मागच्या सीटवर आत्याही नसते. घाट उतरताना मोटार जनित्राचे काम करते आणि चढणीत खर्च झालेल्या विजेपैकी थोडी परत बॅटरीत भरते, सगळी नाही. पुणे ते कोल्हापूर अंतर सुमारे २३० किलोमीटर असल्याने वाटेत एकदा थांबणे आलेच.

चार्जिंग तीन तऱ्हेने होते. महामार्गावरचा चार्जर बॅटरीला थेट डीसी पुरवतो. घरच्या भिंतीवर बसवायचा ७.२ किलोवॉटचा चार्जर ३२ अँपिअर ओढून चार-पाच तासांत काम उरकतो. तिसरा मार्ग सर्वांत साधा: गाडीबरोबर मिळणारी केबल आणि गीझरला असतो तसलाच १५ अँपिअरचा पॉइंट. त्यातून तीनएक किलोवॉट मिळतात, रात्री लावली की सकाळी बॅटरी भरलेली. दिवसाला चाळीस किलोमीटर फिरणाऱ्याला तर दोन तास पुरतात.

हा पॉइंट पार्किंगमध्ये लागतो. इथपर्यंत विषय भौतिकशास्त्राचा होता. इथून पुढे तो सहकाराचा होतो.

रीतसर पद्धत अशी. अर्जावर इनवर्डचा शिक्का मारून घ्यावा. कमिटीची बैठक कोरमअभावी तहकूब होते आणि अर्ध्या तासाने तीच माणसे तीच बैठक पुन्हा भरवतात. पॉइंटचा विषय ऐनवेळच्या विषयांत, गच्चीवर वाळत घातलेल्या पापडांनंतर येतो. पहिली हरकत लोडची. ती घेणारे सभासद ज्या पंपाचे पाणी पितात तो ५ अश्वशक्तीचा पंप ३.७ किलोवॉट ओढतो, म्हणजे गाडीपेक्षा जास्त. टाकी भरून वाहू लागली तरी तो चालू असतो, आणि त्याच्या एनओसीची नोंद कोणत्याही इतिवृत्तात आढळत नाही. अर्जदाराने वीज स्वतःच्या मीटरवरून, स्वतःच्या खर्चाने घेतो म्हटले की हरकत केबलवर सरकते, कारण केबल सामाईक भिंतीवरून जाणार. भिंत सर्वांची आहे. जिन्यात पान खाऊन थुंकणारा तिच्यावरचा आपला वाटा रोज वसूल करतो. त्याला एनओसी लागत नाही.

दुसरी हरकत आगीची. सलग आठ-दहा तास एवढा भार वाहायला जाड तांब्याची वायर, स्वतंत्र एमसीबी आणि नीट अर्थिंग हवे, हे खरेच. चांगला इलेक्ट्रिशियन ते दिवसभरात बसवून देतो. अर्थिंग बरोबर नसेल तर गाडीची केबल लाल दिवा लावते आणि चार्जिंग सुरूच करत नाही. इमारतीत अर्थिंगची चौकशी करणारे एवढे एकच यंत्र असते. त्याच पार्किंगमध्ये गणपतीचे दहा दिवस हॅलोजन, तोरणे, अँप्लिफायर आणि उपम्याची शेगडी एकाच एक्स्टेन्शनवर चालतात. त्या एक्स्टेन्शनची वायर सुतळीने खिळ्याला बांधलेली असते आणि अर्थिंग बाप्पावर सोडलेले असते. पलीकडे पेट्रोलच्या टाक्या ओळीने उभ्या, आणि त्यांच्यामधून सेक्रेटरी सिगारेट ओढत ‘सेफ्टी’वर बोलत येरझारा घालतात. २०१८ पासून गाडी चार्ज करणे ही वीजविक्री धरली जात नाही, त्याला परवाना लागत नाही. परवानगी लागते ती या मंडळींची: ज्यांनी गॅलरी बंद करून बेडरूम केली, गच्चीवर पत्र्याची शेड घातली, जिन्यात चपलांचे कपाट ठोकले आणि यांपैकी एकाही गोष्टीसाठी कधी कोणाला विचारले नाही. ‘उद्या सगळेच मागतील’ ही त्यांची तिसरी आणि शेवटची हरकत. सगळ्यांनी मागावे म्हणूनच गाडी निघाली आहे, हे त्यांना सांगणार कोण!

कंटाळलेले अर्जदार तिसऱ्या मजल्यावरून केबल खाली सोडतात. ते धोक्याचे आहे, आणि ते दिसल्याबरोबर कमिटीची तातडीची बैठक होते. तिला कोरम असतो.

महामार्गावरचा ५० किलोवॉटचा चार्जर अशी बॅटरी १० टक्क्यांवरून ८० टक्क्यांवर साधारण तासाभरात नेतो. पुढचे २० टक्के मुद्दाम सावकाश भरतात, कारण भरत आलेल्या सेलमध्ये जोराने करंट लोटला तर त्यांचे आयुष्य घटते. प्लग आता बहुतेक नव्या गाड्यांना एकच, सीसीएस-२. अ‍ॅप मात्र प्रत्येक चार्जरचे वेगळे, आणि प्रत्येकात आधी पैसे भरून ठेवावे लागतात. चार्जरपुढे बहुधा एक पेट्रोलची एसयूव्ही लावलेली असते. तिचा मालक मिसळ खाऊन येईपर्यंत थांबावे.

बॅटरी फरशीखाली असल्याने डिकी मोकळी राहते. सीएनजीच्या सिलिंडरखाली चिरडलेल्या बॅगा पाहिलेल्यांना हे मोठे सुख वाटते. काही गाड्यांत स्टेपनी मात्र नसते, त्याऐवजी पंक्चर किट मिळते.

बॅटरीची हमी बहुधा ८ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर असते. सोसायटीच्या कमिटीची मुदत ५ वर्षांची. म्हणजे हमी संपण्याआधी एकदा तरी कमिटी बदलते, आणि नवी कमिटी जुनीचे ठराव उकरून काढते. त्यासाठी अर्जाची शिक्का मारलेली प्रत गाडीच्या विम्याच्या कागदांसोबत ठेवतात.