निधी बाई निधी!

चौफुल्याला गेले होते, एवढं म्हटलं तरी आमच्याकडं भुवया वर जातात. संगीतबारीचं गाव ना ते! म्हणून आधीच सांगून टाकते, मी लग्नाला गेले होते. पण तिथं जे ऐकलं, त्यापेक्षा बारी परवडली असती.

नवरा शिरूर तालुक्यातला, मांडवगण फराट्याकडचा. नवरी दौंडची, केडगावची. मध्ये फक्त भीमा. जिलेबी फिरली, मठ्ठा आला आणि दोन्ही व्याही जुंपले की हो! मानपानावरून असतं तर एक वेळ शोभलं असतं. भांडण होतं निधीवरून.

हल्ली हे वेडच शिरलंय. वेशीवर फ्लेक्स, पारावर फ्लेक्स, ‘अमुक कोटींचा निधी मंजूर’. आणि क्रियापद कोणतं? ‘आणला’! जशी काही माहेराहून पुरणपोळीची दुरडीच आणली. ज्याच्या फ्लेक्सवर शून्यं जास्त, त्याची मान ताठ. कामाचं विचारावं तर म्हणतात, टेंडर निघालंय.

त्यात नवऱ्याच्या मावसभावानं मोबाइल काढला. पोरगा स्पर्धा परीक्षेचा, त्याला गप्प कोण बसवणार? म्हणाला, ‘‘२०२५-२६च्या बजेटात आपल्या सरकारनं भूतानला २१५० कोटी ठेवलेत आणि मालदीवला ६००!’’ पंगत हादरली. पोरानं तिथंच भागाकार मांडला. भूतानची वस्ती पावणेआठ लाखांच्या आसपास, म्हणजे माणशी सत्तावीस-अठ्ठावीस हजार. मालदीवची पाच लाखांच्या थोडी वर, तिथं माणशी अकरा-साडेअकरा. शिरूर काय, दौंड काय, २०११च्या जनगणनेत दोघं पावणेचार लाखांच्या वर. म्हणजे आम्हीही जवळजवळ एकेक मालदीवच की, फक्त समुद्राच्या जागी ऊस!

मग काय विचारता! दोन्ही ‘देशां’नी परदेशी मदतीचा हिशोब काढला.

शिरूरचे व्याही म्हणाले, ‘‘आमच्याकडं इंग्रजांच्या काळापासून अमेरिकन मराठी मिशनचं ठाणं होतं. पाबळला कलबागांनी १९८३ला विज्ञान आश्रम काढला, तिथं २००२ला अमेरिकेच्या एमआयटीच्या साथीनं फॅब लॅब आली. आणि रांजणगावला तर काय, कोरियाचे फ्रीज आले, इटलीच्या मोटारी आल्या...’’

‘‘थांबा!’’ दौंडचे व्याही उसळले. ‘‘कारखाना ही मदत नव्हे, धंदा आहे. तो मोजायचा तर आमचं कुरकुंभही मोजा. आणि मदतच म्हणत असाल, तर आमच्या केडगावच्या पंडिता रमाबाईंपुढं तुमचं काय आहे? १८८७ला बोस्टनमध्ये बाईंसाठी खास मंडळ निघालं! दहा वर्षं पैसे पुरवायचा शब्द दिला गोऱ्या लोकांनी. आहे कुणी शिरूरात असं?’’

शिरूरकर म्हणाले, ‘‘तो पैसा मुंबईच्या शारदा सदनासाठी होता. १८८९ला ते चौपाटीवर निघालं, पुढं पुण्याला गेलं. केडगाव मागाहून आलं. तो आकडा दौंडच्या खात्यात कसा धरता?’’ दौंडकर म्हणाले, ‘‘शेवटी सदन आलं ना केडगावलाच? मग व्याजासकट आमचा!’’ सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वीच्या डॉलरवरून जिलेबी गार होतेय, आहे की नाही कमाल?

कोपऱ्यात नवरीची आजी बसली होती. बोळक्या तोंडानं मठ्ठा पीत. ती म्हणाली, ‘‘बाईनं केडगावात जमीन का घेतली, ठाऊक हाय का रं?’’

कुणालाच ठाऊक नव्हतं. आकडे सगळ्यांना पाठ.

‘‘फळबाग लावायला. दहा वर्सांनी पैसा थांबला तर सदनातल्या पोरींनी खायचं काय, म्हून. पुढं दुष्काळ पडले, मुलखामुलखातनं पोरी आल्या, पाक दोन हजारांपातुर गेल्या. पैसा कधी संपंल ते बाईनं आधी मोजलं. तुमी काय मोजताय?’’

मग मठ्ठ्याचा पेला खाली ठेवून म्हणाली, ‘‘आन् जास्त मदत आली म्हून फुगायचं कशापायी? ज्याचं घर जास्त गळतं, त्याला लोक जास्त पत्रे देत्यात.’’

पंगतीत एकदम शुकशुकाट. स्पर्धा परीक्षेच्या पोरानंही मोबाइल खिशात घातला. भूतान त्या पैशातून धरणं बांधतं आणि वीज आपल्यालाच विकतं, हे त्याला सांगायचं होतं बहुतेक. पण आजीच्या बागेपुढं ते धरण काही त्याच्या तोंडून बाहेर येईना.

व्याही गप्प झाले खरे, पण जित्याची खोड! मी हात धुवून दारापाशी आले, तर दोघांच्याही पत्रिकेत ठळक छापलेलं, ‘कृपया आहेर आणू नये’. आणि दारात टेबल, टेबलावर वही, वहीच्या मधोमध उभी रेघ. डावीकडं शिरूर, उजवीकडं दौंड. दोघं आपापली बेरीज वाचत होते, ओठ हलवत.

मी पाकीट पुढं केलं. माझं माहेर न्हावऱ्याचं, सासर यवतचं. लिहिणाऱ्यानं पेन उचललं आणि दोन्ही व्याही एकदम पुढं सरकले.

‘‘ताई, कुठल्या बाजूला धरू?’’