देवबागेच्या पुढे रस्ता नाही

मे महिन्यात आणि डिसेंबरअखेर मालवणात एमएच ०७ पेक्षा एमएच १२ आणि १४ च नजरेत भरतात. पुण्याची कोंडी चुकवायला निघालेली मंडळी भरड नाक्यावर पुन्हा एकमेकांसमोर उभी ठाकतात आणि जुनी ओळख असल्यागत हॉर्न वाजवतात.

बाजारपेठेत सात आसनी गाडी शिरली की दुकानदार आधी बाहेर मांडलेली खाजाची पाकिटं आत घेतो, मग चालकाला आरसे मिटायला सांगतो. पायी चालणाऱ्याने पायरीवर चढावं.

खरी मजा तारकर्ली-देवबागच्या वाटेवर. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदी, मधे अरुंद रस्ता, तोही संगमापाशी संपणारा. नकाशात हे लख्ख दिसतं. तरी ‘पुढून कुठे बाहेर पडता येईल का?’ असं विचारणारे भेटतातच.

‘येतला तर! होडी हाडलास मां?’

सिंधुदुर्ग किल्ल्यासाठी मात्र गाडी बंदरावर सोडावीच लागते. १६६४ साली कुरटे बेटावर किल्ल्याचा पाया घालताना शिवाजी महाराजांनी पार्किंगचा विचार केला नाही, अशी तक्रार अजून कुणी नोंदवलेली नाही. हंगाम तसा बराच बाकी आहे.