सोन्याच्या गावी आईला नेण्याची शास्त्रोक्त पद्धत

कॅलिफोर्नियातल्या मराठी घरी आईवडील सहा महिन्यांसाठी आले की पहिल्या महिन्यात गोल्डन गेट आणि दुसऱ्यात योसेमिटी उरकतं. तिसऱ्या महिन्यात बाबा गराजमधली खोकी उंचीप्रमाणे लावायला घेतात आणि आई शेजाऱ्याच्या झाडावरची लिंबं मोजू लागते. ही लक्षणं दिसली की उशीर न करता त्यांना सोन्याच्या गावी, म्हणजे कोलोमाला न्यावं. प्रस्तुत मार्गदर्शन स्वानुभवातून सिद्ध झालं असून ते तंतोतंत पाळल्यास फारसा उपयोग होत नाही.

बे एरियातून अडीच-तीन तास. शेवटचा टप्पा हायवे 49 चा. हा आकडा 1849 साली सोन्यापायी धावत आलेल्या ‘फॉर्टीनाइनर्स’वरून घेतला आहे, हे गाडीत सांगायचं. त्यावर आई विचारेल, “सोनं तर अठ्ठेचाळीसला सापडलं म्हणालास ना?” प्रश्न बिनतोड आहे. सापडलं 24 जानेवारी 1848 ला आणि लोंढा आला पुढच्या वर्षी. रस्त्याला नाव मिळालं ते उशिरा आलेल्यांचं. सापडल्यावर नवव्या दिवशी मेक्सिकोने तहावर सही करून कॅलिफोर्निया अमेरिकेला देऊन टाकला, जमिनीत काय निघालंय याचा पत्ता नसताना. इथे बाबा “सातबारा न बघता व्यवहार केला,” असं म्हणतील. म्हणू द्यावं.

गावात शिरताच मोठं गाव शोधू नये. एके काळी इथे हजारोंची वस्ती होती, जिल्ह्याचं मुख्य ठाणंही होतं. 1857 मध्ये ते शेजारच्या प्लासरव्हिलने नेलं. आता काही शे माणसं, एक लोहारशाळा, दगडी दुकानं, ओकची झाडं आणि अमेरिकन नदीचा दक्षिण फाटा. गावाचा बराचसा भाग राज्याचं ऐतिहासिक उद्यान आहे. उन्हाळ्यात भाजून निघतं, म्हणून टोपी आणि पाणी घ्यावं. तीन-तीन पानांच्या झुडपाला हात लावू नये. ते पॉयझन ओक असतं, त्याने अंगाला आग होते. आई त्याला “आपला बिब्बाच की,” म्हणाली. पुढे उद्यानाच्या पत्रकात पाहिलं, तर दोन्ही झाडं खरोखर एकाच कुळातली निघाली. इथूनच माझा मार्गदर्शकाचा हुद्दा डळमळीत झाला.

प्रथम करवतगिरणीची प्रतिकृती दाखवावी. जॉन सटर नावाच्या जमीनदाराने इथे लाकूड कापायची गिरणी उभारायला घेतली, काम पाहायला जेम्स मार्शल हा सुतार. गिरणीतून पाणी बाहेर जाणाऱ्या चरात त्याला काहीतरी चमकताना दिसलं. त्याने ते दगडावर ठेवून ठेचलं. फुटलं नाही, चपटं झालं. सोन्यासारखा चमकणारा सुवर्णमाक्षिक दगड असता तर चुरा झाला असता. तरीही खात्री पटेना, तेव्हा मजुरांचा स्वयंपाक करणाऱ्या जेनी विमरने तो तुकडा साबणासाठी चढवलेल्या खाराच्या कढईत टाकला. सकाळी तो तळाशी तसाच लखलखीत.

आवाज थोडा खाली आणून ही गोष्ट सांगावी आणि श्रोत्यांच्या चेहऱ्यावर नवल उमटायची वाट पाहावी. आमच्याकडे आई म्हणाली, “मग? आम्ही रिठ्याच्या पाण्यात घालतो.”

पुढे दगडातली उखळं. मार्शल येण्याआधी कित्येक पिढ्या इथे निसेनान लोक राहत होते. गावाचं नावही त्यांच्याच ‘कल्लूमा’वरून आलेलं; अर्थ, सुंदर दरी. त्यांच्या बायका ओकची फळं या खळग्यांत कांडायच्या. आईने एका खळग्यात हात घालून खोली पाहिली, काठ गुळगुळीत झालाय का ते बोटाने चाचपलं आणि मग बराच वेळ बोलली नाही. सोन्याच्या लोंढ्यात या लोकांची दरी गेली, नदी गेली आणि बहुतेक माणसंही गेली. इथे यजमानाने माहिती देण्याचा मोह आवरावा.

चिनी व्यापाऱ्यांच्या मॅन ली आणि वाह हॉप या दुकानांपाशी व्हिसावर राहणाऱ्यांनी जरा जास्त थांबावं. 1850 मध्ये कॅलिफोर्नियाने परदेशी खाणकामगारांवर महिना 20 डॉलर कर बसवला. पहिल्या वर्षी स्वतःही परगावाहून आलेल्या मंडळींना दुसऱ्या वर्षी बाकीचे परके वाटू लागले होते. बाबांनी विचारलं, “तुझं ग्रीन कार्ड कुठवर आलं?” आम्ही परातींकडे वळलो.

सोनं धुणं हा सहलीचा गाभा. उद्यानाचा नियम असा, की ठरलेल्या जागी फक्त हात आणि परात. फावडं, कुदळ, यंत्र काही नाही. परात मात्र विकत घ्यावी लागते. ती घेताना सॅम ब्रॅनन या दुकानदाराचं स्मरण करावं. सोन्याची खबर लागताच त्याने परिसरातल्या कुदळी, फावडी, पराती गोळा केल्या आणि मग, मे 1848 मध्ये, सोन्याची कुपी उंचावून सॅन फ्रान्सिस्कोच्या रस्त्यांवर सोनं सापडल्याची आरोळी दिली. वीस सेंटची परात त्याने पंधरा डॉलरला विकली असं सांगतात. नदीत हात न घालता तो कॅलिफोर्नियातल्या पहिल्या लखपतींत जाऊन बसला. सटरची मात्र माणसं पळाली, जमिनीवर उपऱ्यांनी कब्जा केला आणि गिरणी ओस पडली. आपण कार्ड काढून परातीचे पैसे देतो, तेव्हा या व्यवहारात आपण ब्रॅनन नसतो, हे आपसूक कळतं.

आता कृती. नदीच्या वळणाच्या आतल्या अंगाची किंवा मोठ्या धोंड्यामागची वाळू घ्यावी. पाण्याचा वेग तिथे मोडतो आणि जड ते खाली बसतं. सोनं पाण्याच्या एकोणीस पटींहून जड, साधी वाळू जेमतेम अडीच पट. परात पाण्यात बुडवून हलवायची, तिरकी धरायची, वरची वाळू थोडी थोडी वाहू द्यायची. शेवटी काळी वाळू उरते. सोनं असलंच तर तिच्यात. पाणी बर्फासारखं गार असतं. दहाव्या मिनिटाला बोटं बधिर होतात, विसाव्याला कंबर धरते.

आईचं माहेर कोल्हापूरच्या गुजरीजवळचं. ती काठावर बसून माझी परात बघत होती. “अरे, हे झारेकऱ्यांचं काम,” ती म्हणाली. “सराफांची दुकानं बंद झाली की दारातली धूळ झाडून न्यायचे. गटारातला गाळसुद्धा. अशीच पाटी हलवायचे. पण घाई नाही करायचे तुझ्यासारखी.” तिने परात घेतली, मनगटातून दोन-चार हलके हिसके दिले आणि तळाशी एक पिवळा कण उरला. मोहरीचा चौथा हिस्सा असेल. सोबतच्या बाटलीत पाणी भरून तो आत सोडावा; काचेमागे तो दुप्पट दिसतो.

बाबांसाठी राफ्टिंग. वरच्या चिली बार धरणातून पाणी वेळापत्रकाप्रमाणे सुटतं. म्हणजे नळाला यावं तसं नदीला पाणी येतं. पुण्यात आयुष्य गेलेल्यांना वेगळं समजावावं लागत नाही. आधी एका कागदावर सही करावी लागते आणि त्यात मृत्यूचा उल्लेख असतो. विमा क्षेत्रात छत्तीस वर्षं काढलेल्या बाबांनी तो कागद शेवटपर्यंत वाचला आणि “मसुदा चोख आहे,” असा शेरा मारून सही केली. नदीतल्या खळाळत्या उतारांची नावं मात्र घरच्यांना आधी सांगू नयेत: मीटग्राइंडर, ट्रबलमेकर, पुढच्या घळईत सैतानाच्या नावाचं गटार, आणि त्यानंतर हॉस्पिटल बार. ट्रबलमेकर पार झाला की तोंडून मोरया निघतोच. तो तिथल्या तिथेच म्हणून घ्यावा, कारण थोडं पुढे गेलं की वस्तीसाठी राखलेला शांतता पट्टा सुरू होतो आणि वल्हवणाऱ्यांनी ओरडायचं नसतं. बाबांचा मोरया मनात राहिला. तो गाडीत, प्लासरव्हिलच्या सिग्नलला निघाला.

प्लासरव्हिलचं जुनं नाव हँगटाउन, म्हणजे फाशीचं गाव. इथली ‘हँगटाउन फ्राय’ प्रसिद्ध आहे: कालवं, बेकन आणि अंडी एकत्र तळलेली. सोन्याच्या काळात या डोंगरात महागात महाग काय मिळायचं, तर हेच. अचानक श्रीमंत झालेल्या कोणीतरी मागवलेली ही थाळी, असं सांगतात. आईने कालवांच्या किमतीवर बोट ठेवलं आणि आम्ही नदीकाठच्या बाकावर परत येऊन धपाटे खाल्ले.

शेवटी टेकडीवर मार्शलचा पुतळा. बोट खाली, सोनं सापडलं त्या जागेकडे. म्हातारपणी तो पुरता कफल्लक झाला, आपल्या सह्या विकायचा. राज्याने 1872 मध्ये थोडं निवृत्तिवेतन दिलं आणि काही वर्षांत बंद केलं. तो 1885 मध्ये गेला. पाच वर्षांनी थडग्यावर पुतळा उभा राहिला. फोटोसाठी बाबांना त्याच्यासारखं बोट करायला सांगावं. ते चुकीच्या दिशेला करतात, पण पार्श्वभूमी चांगली येते.

सोन्याची बाटली शंभर मिलिलिटरच्या आतली असल्याने विमानात हातातल्या पिशवीत चालते. आईने ती गुजरीतल्या ओळखीच्या सराफाला दाखवली. त्याने कण चिमट्याने काढून काट्यावर ठेवला. काटा हलला नाही. त्याने तो परत आत टाकला, झाकण घट्ट लावलं आणि विचारलं, “वहिनी, अशा बाटल्या तिकडे डझनावर मिळतात काय?”