मागच्या बाजूची खोली

डोंगरावर गाव वसवणाऱ्यांच्या डोक्यात पाहुणा नसतो, शत्रू असतो. तो खालून येणार, धापा टाकत येणार आणि वेशीपाशी पोचेस्तोवर त्याची लढायची हौस फिटलेली असणार, या हिशेबाने चढ, वळणं आणि दरवाजे बांधलेले असतात. इटलीतल्या सिएनावर हल्ली फौजा चालून येत नाहीत. चाकांच्या बॅगा ओढत आम्ही येतो. हिशेब मात्र अजूनही तंतोतंत लागू पडतो.

निघण्याआधी राहायची जागा ठरवायची होती आणि आम्हा तिघांच्या तीन अटी होत्या. नवऱ्याला स्वस्त हवं होतं. मला शांत हवं होतं. पुण्यात आमच्या घरापासून नदीपात्र हाकेच्या अंतरावर आहे आणि गणपतीच्या आधी तिथे रोज संध्याकाळी ढोल-ताशा पथकांचा सराव चालतो, त्यामुळे माझ्या मागणीला जवळजवळ वैद्यकीय आधार होता. ताईची, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीची, अट दोन शब्दांची होती: "पायऱ्या नकोत." सिएनात जाऊन पायऱ्या नकोत म्हणायचं म्हणजे जुलैत कोकणात जाऊन पाऊस नको म्हणण्यापैकी. पण ताईशी वाद घालायची आमच्या घरात पद्धत नाही.

सिएना तीन डोंगरसोंडांवर पसरलंय. गावाचे जुने भागही तीनच. एकेका सोंडेवर एकेकाने आपापल्या अटीप्रमाणे राहावं असा तोडगा नवऱ्याने काढला होता, पण तीन खोल्यांच्या भाड्याची बेरीज झाल्यावर त्यानेच तो मुकाट्याने मागे घेतला.

मला सुरुवातीला वाटत होतं, गावात मोटारीच नाहीत म्हटल्यावर आवाज कसला? आणि मोटारी खरंच नाहीत. 1960च्या दशकात, इटलीत बाकी कुणाला सुचायच्या आधी, सिएनाने मध्यवस्तीतून त्यांना हद्दपार केलं. पण मोटार गेली की माणूस ऐकू यायला लागतो. गल्ल्या अरुंद, दोन्ही बाजूंना दगडविटांची उंच घरं, खाली फरसबंदी. या नळकांड्यात कुणी खोकलं तरी तो खोकला तिसऱ्या मजल्यावर पोचतो. रात्री साडेबाराला खालून भांडत जाणारं जोडपं शब्दन् शब्द ऐकू येतं. इटालियन येत नसलं तरी चूक कोणाची ते कळतं. (त्याची.)

मुख्य चौक, म्हणजे कांपो, जगातल्या सुंदर चौकांपैकी एक आहे आणि म्हणूनच त्याच्यावर उघडणाऱ्या खिडकीत झोपू नये. विटांचा तो शिंपल्यासारखा उतार नऊ भागांत विभागलेला आहे, कारण 1287 ते 1355 या काळात इथे नऊ जणांचं सरकार होतं. आता त्या नऊच्या नऊ भागांवर रात्री उशिरापर्यंत जगभरची तरुण मंडळी फतकल मारून बसलेली असतात आणि त्यांच्यात एक तरी गिटारवाला निघतोच. चौकातल्या मनोऱ्याला मांजाचा मनोरा म्हणतात. टोले द्यायला नेमलेला पहिला माणूस, जोव्हान्नी दि बाल्दुच्चो, मिळकत सगळी खाण्यापिण्यात उडवायचा, त्यावरून त्याला पडलेलं टोपणनाव मनोऱ्यालाच चिकटलं. गावाची झोप मोडायचा पगार घेऊन तो जेवणावर उधळणारा माणूस अजरामर होतो, यावरून गावाची आवडनिवड लक्षात यावी. चौकापासून जरा लांब, पांतानेतो रस्त्यावर, जागा स्वस्त दिसल्या. पण सिएनाचं विद्यापीठ 1240 सालापासून चालू आहे आणि त्याचे विद्यार्थी संध्याकाळी या रस्त्यावरच्या बारमध्ये भेटतात, हे कळल्यावर त्याही गेल्या.

पण खरी धास्ती वेगळीच होती. सिएना सतरा कोंत्रादांमध्ये वाटलं गेलंय. कोंत्रादा म्हणजे आळी, पण आपल्या आळीला स्वतःचं देऊळ, संग्रहालय, झेंडा, मुलांना बाप्तिस्मा द्यायला कारंजं आणि कायमचा एखादा शत्रू असेल तर जे होईल ते. 1729 साली बव्हेरियाच्या व्हिओलान्ते बेआत्रीचे या राज्यकर्त्या बाईने त्यांच्या हद्दी आखून दिल्या. त्या आजही एका भिंतीने सरकलेल्या नाहीत. कोपऱ्याकोपऱ्यावर हंस, सुरवंट, घुबड, गेंडा अशी चिन्हं लावलेली दिसतात. 2 जुलै आणि 16 ऑगस्टला कांपोभोवती या आळ्यांची घोड्यांची शर्यत होते, ती पालिओ. हंस बदकासारखा चालतो वगैरे गोष्टींनी तिथे काही बिघडत नाही. गोगलगाय आणि कासव यांचं तर पिढ्यान् पिढ्यांचं हाडवैर आहे, आणि तेही घोड्यांच्या शर्यतीत.

शर्यत असते जेमतेम दीड मिनिटाची. तिच्या आसपासच्या दिवसांत मात्र खोलीचे भाव असे चढतात की नवऱ्याने ते दोन्ही महिनेच कॅलेंडरवरून खोडले. आम्ही एप्रिलच्या शेवटी जायचं ठरवलं. तेव्हा पालिओ लांब असतो. ढोल लांब नसतो. वसंत सुरू झाला की एकेका आळीची पोरं झेंडे आणि ढोल घेऊन सरावाला बाहेर पडतात, आणि मग सप्टेंबरपर्यंत या ना त्या आळीची मिरवणूक असतेच. हे मी वाचलं तेव्हा नदीपात्राच्या दिशेने बघत बराच वेळ बसले. "तुला परदेशात घरच्यासारखं वाटेल," नवरा म्हणाला.

या गावात शांत खोलीसाठी सर्वांत मोठी किंमत मोजली ती संत कातेरीनाने. फोंतेब्रांदाच्या उतारावर लोकर रंगवणाऱ्याच्या घरात ती 1347 साली जन्मली. भावंडं, म्हणतात, चोवीसेक. अशा घरात मुलीला एकांत हवा झाला. तिने लग्नाला नकार दिला, केस कापून टाकले, तर घरच्यांनी शिक्षा म्हणून तिची खोलीच काढून घेतली आणि तिला घरकामाला जुंपलं. शेवटी बाप विरघळला, तिला एक छोटी खोली मिळाली आणि तीत ती जवळजवळ तीन वर्षं मौनात राहिली. ते घर आता तीर्थस्थान आहे. मी तिथे मनापासून हात जोडले. आता तिचा सण 29 एप्रिलला येतो आणि तिची आळी, म्हणजे हंसवाली, तो ढोल वाजवून साजरा करते.

कातेरीनाच्या पुण्याईवर विसंबून आम्ही जोगिणींच्या अतिथिगृहाचाही विचार केला. इटलीत मठांमध्ये परवडणाऱ्या खोल्या मिळतात. स्वच्छ, साध्या, भिंतीवर क्रूस, दोन अरुंद पलंग, मध्ये मर्यादा राखणारं टेबल. शांतता अस्सल. पण बऱ्याच ठिकाणी रात्री अकराला दार बंद होतं, आणि आमच्या नवऱ्याला सुट्टीवर असताना दहा वाजता भूक लागते. शिवाय प्रार्थनेची घंटा पहाटे होते, आणि शांततेसाठी पैसे मोजल्यावर घंटेला नावं ठेवता येत नाहीत. गावाबाहेर द्राक्षमळ्यात राहायचा बेत त्याहून लवकर निकालात निघाला. तिथे गाडी लागते, गाडी घेऊन चुकून वेशीच्या आत शिरलं की कॅमेरा नंबर टिपतो, आणि दंडाचं पत्र काही महिन्यांनी पुण्यापर्यंत येतं. नवऱ्याला प्रवासातून परतल्यावर पत्रं आलेली आवडत नाहीत.

मग मी नकाशा घेऊन बसले, आणि एक गंमत दिसली. सिएनाच्या तटबंदीच्या आत मोकळी जागा आहे. थोडीथोडकी नाही, अख्ख्या दऱ्या: भाजीचे मळे, ऑलिव्हची झाडं, गवत. गाव वाढेल म्हणून तट मोठा घेतला होता. जगातलं सगळ्यात मोठं देऊळ बांधायचं म्हणून 1339 मध्ये जुन्या कॅथेड्रलला जोडून नवं कामही काढलं. 1348 मध्ये प्लेग आला आणि गावातली निम्म्याच्या आसपास माणसं घेऊन गेला. देवळाचं काम थांबलं. त्याची एक उंच भिंत अजून आकाशाला टेकून उभी आहे, मागे काही नाही. पुढे 1555 मध्ये फ्लोरेन्सच्या बाजूच्या फौजांनी वेढा घालून गाव घेतलं. त्यानंतर घरं बांधायला पैसाही नव्हता आणि माणसंही. त्यामुळे रस्त्याच्या बाजूने दाटीवाटीची दिसणारी घरं मागच्या अंगाने चक्क रिकाम्या दरीवर उघडतात.

मला हा शोध फार आवडला. जाहिरातींमध्ये पुढच्या खिडकीचे फोटो असतात, कारण पुढे कमानी, मनोरे आणि इतिहास आहे. मागच्या खिडकीतून इतिहासात जे झालं नाही ते दिसतं, म्हणून तिचं भाडं कमी. न बांधलेल्या घरांमधून कुणी भांडत नाही. तेव्हापासून मी प्रत्येक जागेला एवढंच विचारायला लागले: मागच्या बाजूची खोली आहे का?

ताईचा प्रश्न गावाच्या भूगोलानेच सोडवला. सिएनात आडवं चाललं की चढ-उतार, पण सोंडेच्या माथ्यावरून चाललं की रस्ता बऱ्यापैकी सरळ. रोमला जाणारे मध्ययुगीन यात्रेकरू उत्तरेकडच्या कामोल्लीया वेशीतून आत येत आणि याच माथ्यावरून मध्यवस्तीत जात; त्यांच्यातही गुडघेवाले असणारच. आणि यायचं बसने. रेल्वे स्टेशन खाली दरीत आहे. समोरच्या बाजारसंकुलातून सरकते जिने वर आणतात हे खरं, पण ताई सरकत्या जिन्यालाही पायऱ्यांतच धरते. फ्लोरेन्सहून येणारी बस मात्र वरच, ग्राम्शी चौकात सोडते.

तर कामोल्लीयाच्या रस्त्यावर, मागच्या अंगाची खोली. दुसऱ्या मजल्यावर. इथल्या जुन्या वाड्यांची छतं इतकी उंच की आपले तीन मजले त्यांच्या दोनांत मावतात, आणि लिफ्ट नव्हती. ताई जिन्याच्या तळाशी उभी राहून वर बघत म्हणाली, "जावईबापू, भाडं किती वाचलं म्हणालात?" नवऱ्याने आकडा सांगितला. ताई चढली.

खिडकी उघडली तर खाली हिरवी दरी, आणि वर पाकोळ्यांचा चीत्कार. त्या पक्ष्यांना कुणी कोंत्रादा नेमून दिलेली नाही, ते सगळीकडे ओरडतात. रात्री मात्र खरोखर काही ऐकू आलं नाही, फक्त ताईचे दात. सिएनात सार्वत्रिक हीटर 1 नोव्हेंबर ते 15 एप्रिल एवढेच चालवायचा कायदा आहे. 15 एप्रिलनंतर थंडी वाजणं ही ज्याची त्याची खासगी बाब. घरमालकीणबाईंनी जास्तीच्या रजया दिल्या आणि मुक्कामाचा नगरपालिकेचा कर, दर माणशी दर रात्री, रोख घेतला. नवऱ्याने तेवढ्यात विचारून घेतलं की झोप लागली नाही तरी तो पडतो का.

बाई साळिंदराच्या आळीतल्या. हे वाक्य तिथे अभिमानाने उच्चारतात. शेजारची लांडगीण ही त्यांची वैरी, आणि तिची हद्द इतकी जवळ की दूध आणायला जाताना ओलांडावी लागते. पालिओच्या दिवसांत वेगवेगळ्या आळ्यांतले नवरा-बायको आपापल्या माहेरच्या आळीत राहायला जातात, असं त्यांनी सांगितलं तेव्हा ताईने मान डोलावली. तिला ही व्यवस्था बारा महिने चालली असती.

मग बाईंनी आळीतल्या घोड्याच्या तबेल्याविषयी सांगितलं. शर्यतीच्या आधीचे चार दिवस घोडा आळीत मुक्कामाला असतो. त्याची निगा राखणारा माणूस त्याच्यापाशीच झोपतो, दारावर रात्रंदिवस पहारा असतो. शर्यतीआधी घोड्याला देवळात नेऊन आशीर्वाद देतात, आणि तिथे त्याने लीद टाकली तर तो शुभशकुन मानतात. स्वार वाटेत पडला तरी घोडा एकटा पहिला आला की जिंकला.

"तळमजला," ताई बोटांवर मोजत म्हणाली. "पायरी एकही नाही. दिमतीला माणूस. घाण केली तरी कौतुक. भाडं?"

"नाही."

नवरा सावरून बसला. नोंदणी कशी होते, त्याने विचारलं. बाई म्हणाल्या, चिठ्ठ्या टाकून; कोणता घोडा कोणत्या आळीत जाणार ते नशिबावर. पण त्याआधी पशुवैद्य प्रत्येकाची कसून तपासणी करतात. पायांपासून.

ताईने रजई गुडघ्यांवर ओढून घेतली आणि उद्या नाश्त्याला काय असतं ते विचारलं.