वाळूच्या ढिगास अनावृत पत्र

प्रति,
मा. वाळूचा ढीग,
बांधकामासमोर, अर्धा रस्ता अडवून,
मु. पो. मच्छे, ता. जि. बेळगाव.

स. न. वि. वि.

आपण विनापरवाना बालोद्यान चालवता, अशी तक्रार आहे. ना कुंपण, ना वेळेचा फलक, ना उद्घाटनाची कोनशिला. तरी शाळा सुटली की गल्लीतली पोरं दप्तरं भिरकावून थेट आपल्या अंगावर! रीतसर बागेत काय कमी आहे? पत्र्याची घसरगुंडी आहे. एप्रिलच्या दुपारी तिच्यावर पापड भाजून निघतील. झाडं पानं गाळून कचरा करतात, म्हणून सावली नामंजूर. सिमेंटचा हत्ती आहे, त्याच्यावर बसू नये अशी पाटीही आहे.

आणि आपल्याकडे? परवा दोघी बहिणी समोरासमोर बसून बोगदा कोरत होत्या, हात कोपरापर्यंत आत. तिसऱ्यानं वर पाय दिला, छप्पर खचलं, भांडण जुंपलं. मग कोरडी वाळू टिकत नाही, असं ठरून एकजण बाटलीतून पाणी आणायला पळाला. आत बोटांना बोटं लागली तेव्हा असा कल्ला उठला की गवंडी मिक्सर सोडून बघायला आला. घसरगुंडीवर असले वाद उद्भवतच नाहीत. चढायचं, घसरायचं. एखादं पोर उलट्या बाजूनं चढू लागलं, म्हणजे खरं खेळू लागलं, की वॉचमन शिट्टी मारतो.

आपलं खानदानही संशयास्पद आहे. 1885 साली डॉ. मारी झाक्रझेव्स्का यांनी बर्लिनच्या बागांतले वाळूचे ढीग पाहून बॉस्टनला कळवलं आणि तिथल्या गरीब वस्तीत मुलांसाठी वाळू ओतली गेली. अमेरिकेतली क्रीडांगणांची चळवळ तिथून सुरू झाली म्हणतात. 1943 मध्ये डेन्मार्कात एमड्रुपला सोरेनसन या उद्यानरचनाकाराच्या कल्पनेतून पोरांना चक्क भंगार खेळायला दिलं. 1947 पासून आल्डो वान आइक यांनी ॲम्स्टरडॅमच्या रिकाम्या जागांत वाळूचे हौद मांडले. घरचे लोकही फितूर: बोर्डी-कोसबाडला ताराबाई मोडकांनी शिंपले, बिया, पानं यांनाच शिक्षणसाधनं मानलं.

दिवाळीत तर बेळगाव परिसरात गल्लोगल्ली पोरं किल्ले बांधतात. बुरुजाचा उतार किती ठेवला की माती ढासळत नाही, हे त्यांना कुठल्याही तासाला शिकवलेलं नसतं. आम्ही सहकुटुंब बघायला जातो, बक्षिसं वाटतो. तेवढे चार दिवस चिखल म्हणजे संस्कृती. बाकी वर्षभर घाण.

आपले दोष मात्र झाकणार नाही. मांजरं आपल्यात विधी उरकतात, पोटात खिळे असतात, आणि अर्धं अंग रस्त्यात असल्यानं पोरांच्या पाठीमागून दुचाक्या जातात. यावर काही विघ्नसंतोषी सुचवतात की ढीगच उचलून बागेत, झाडाखाली न्यावा. चाळलेली वाळू घालावी, रात्री ताडपत्री टाकावी. शेजारी नळ, चार फळ्या, जुने टायर आणि आज्यांना बसायला कट्टा. हे झालं तर घसरगुंडीच्या टेंडरचं काय? आणि फीत कापायची कशाची? ढिगाची?

तरी सात दिवसांत लेखी खुलासा करावा.

आपला,
एक जबाबदार नागरिक

ता. क. : पुढचा ट्रक कुणाच्या दारात रिकामा होणार, तेही कळवावं. घरातून सारखी विचारणा चालू आहे.